सेनगोकू काळातला दाइम्यो दिवसभर नेमकं काय करायचा?

प्रश्न असा आहे की जपानच्या यादवीच्या काळात जे दाइम्यो, म्हणजे एकेक प्रांत ताब्यात असलेले सत्ताधीश, होते त्यांचं रोजचं आयुष्य कसं असायचं, सतत लढाया आणि तलवारबाजीच चालायची का, आणि त्यांच्यासाठी जीव द्यायला एवढी माणसं कुठून मिळायची. मी पुण्यात जपानी शिकले आणि गेली सतरा वर्षं जपानमध्ये दुभाषी आणि गाईडचं काम करतेय, त्यातली बरीचशी यामानाशीत, आणि हा प्रश्न मला दर सीझनला कुणी ना कुणी विचारतंच. बसमध्ये पाच मिनिटात सांगून होत नाही म्हणून इथे सविस्तर लिहिते. सगळ्या दाइम्योंबद्दल ढोबळ काहीतरी लिहिण्यापेक्षा एकाच माणसाचं सांगते, ताकेदा शिंगेन, कारण त्याच्या मुलखात मी रोज फिरते आणि त्याची पत्रं, हुकूम, नवस असं भरपूर काही आजही जपून ठेवलेलं आहे.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. त्याचा बहुतेक वेळ माणसं धरून ठेवण्यात गेला. समोरचा शत्रू डोंगरापलीकडे असायचा, वर्षातले काही महिने बर्फामुळे तर येऊच शकायचा नाही, पण आपले सरदार, आपला बाप, आपला मुलगा, आपले व्याही हे बारा महिने तेरा काळ जवळ असायचे आणि झोप उडायची ती त्यांच्यामुळे.

थोडी पार्श्वभूमी लागेल. १४६७ मध्ये क्योतोत ओनिन युद्ध सुरू झालं, दहा वर्षं चाललं, राजधानी जळून गेली आणि त्यानंतर शोगुनच्या, म्हणजे देशाच्या लष्करी शासकाच्या, शब्दाला किंमत उरली नाही. मग प्रांताप्रांतात ज्याच्या हातात जोर तो मालक. पुढची शंभरेक वर्षं हेच चाललं, त्यालाच सेनगोकू काळ म्हणतात. आता दाइम्यो म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर राजा येतो पण इथेच गल्लत होते. शिंगेनचे सरदार त्याचे पगारी नोकर नव्हते. त्यांची स्वतःची पिढीजात जमीन होती, स्वतःची माणसं होती, स्वतःचा छोटा गड होता, आणि पटलं नाही तर ते सरळ शेजारच्या दाइम्योकडे जाऊ शकत होते. आपल्याकडच्या वतनदार देशमुखांचा इतिहास ज्यांनी वाचलाय त्यांना हे लगेच कळेल. म्हणजे शिंगेन हा त्या सगळ्यांमधला थोरला, एवढंच, आणि ते थोरलेपण रोज टिकवावं लागायचं.

त्याचा जन्म १५२१ चा, काई प्रांतातला, म्हणजे आजचं यामानाशी. चारही बाजूंनी डोंगर, समुद्र नाही. जन्माच्या वेळी बाप नोबुतोरा खाली लढत होता, शेजारच्या सुरुगा प्रांतातून तिथल्या इमागावा घराण्याची फौज काईच्या राजधानीपर्यंत, कोफुपर्यंत आली होती, आणि आई गरोदर म्हणून तिला वाड्यामागच्या योगाइसान गडावर पाठवलेलं, तिथे हा झाला. लोक हौसेने सांगतात की शिंगेनला गडाची गरजच नव्हती, त्याची माणसं हाच त्याचा गड होता, तशी एक कविताही त्याच्या नावावर खपते. ती कविता मला आवडते, पण स्वतः गडावर जन्मलेला माणूस गड विसरेल हे मला पटत नाही. त्सुत्सुजिगासाकीच्या वाड्यातून, जिथे आता ताकेदा देऊळ आहे, मागे बघितलं की योगाइसानचा डोंगर दिसतो. वाडा राहायला आणि कारभाराला, गड जीव वाचवायला, अशी ती सोय होती.

आता १५४१. काईत भयंकर दुष्काळ. फुजीच्या उत्तर पायथ्याला तळ्याकाठच्या देवळातल्या भिक्षूंनी वर्षानुवर्षं नोंदी लिहून ठेवल्यात, कधी हिमकडा पडला, धान्याचा भाव काय झाला, कुठे घरं वाहून गेली, असं. त्यात त्या वर्षी लिहिलंय की माणसं आणि घोडी किती मेली याला गणती नाही, शंभर वर्षात असा दुष्काळ नाही. आणि अशा वर्षीसुद्धा नोबुतोरा शेजारच्या शिनानो प्रांतात मोहीम करून आला. परत आल्यावर तो जावयाला भेटायला सुरुगाला गेला, जावई म्हणजे इमागावा योशिमोतो, आणि तो गेल्याबरोबर मुलाने मागची वाट बंद करून टाकली. सरदार मुलाच्या बाजूने. बाप परत कधीच कोफुला आला नाही. मुलाचं वय तेव्हा वीससुद्धा पूर्ण नव्हतं, नाव होतं हारुनोबु (शिंगेन हे नाव नंतर, १५५९ मध्ये मुंडण करून घेतल्यावरचं). त्याच भिक्षूंनी लिहिलंय की गावकरी, सामुराई, भिक्षू, बायका, पुरुष सगळे खूश झाले.

पण यात एक गोम आहे. सरदार बापाला घालवू शकतात तर उद्या मलाही घालवू शकतात, हे त्या मुलाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याचा पुढचा सगळा कारभार मी याच चष्म्यातून बघते. शिवाय हा डाग कधी पुसला गेला नाही. तब्बल तेवीस वर्षांनी, १५६४ मध्ये, त्याचा कट्टर शत्रू, उत्तरेकडचा दाइम्यो उएसुगी केनशिन याने देवापुढे हारुनोबुची दुष्कृत्यं म्हणून जी यादी मांडली त्यात सख्ख्या बापाला हाकललं हे होतंच.

१५४७ मध्ये त्याने कायदे काढले. सुरुवातीला २६ कलमं होती, नंतर वाढून पन्नाशीच्या वर गेली. त्यात भांडणाचं कलम प्रसिद्ध आहे, दोघे भांडले तर चूक कुणाची हे न बघता दोघांनाही शिक्षा, आणि समोरच्याने डिवचलं तरी ज्याने हात आवरला त्याला शिक्षा नाही. ऐकायला अन्याय वाटतो पण विचार करा, दोन सरदारांच्या घराण्यांत बांधावरून खून पडला की दोन्हीकडचे शंभर शंभर लोक उठणार, आणि डोंगरापलीकडचा शत्रू वाटच बघतोय. पण मला त्यातलं वेगळंच कलम जास्त मोलाचं वाटतं. त्यात त्याने लिहिलंय की हारुनोबु स्वतः या कायद्याविरुद्ध वागला तर लहान-मोठा कुणीही लेखी तक्रार करावी. बापाला का जावं लागलं हे ज्याने पाहिलंय त्यालाच असं कलम सुचू शकतं. मी ग्रुपला हे सांगते तेव्हा बरेच जण पहिल्यांदा फोन खाली ठेवून ऐकतात.

तर मग दिवसभर काय? कागद. जमिनीचे वाद, देवळांच्या तक्रारी, कुठल्या सरदाराला कुठलं गाव द्यायचं, डाकेच्या घोड्यांचे परवाने, कुणाच्या मुलीचं कुणाशी जमवायचं. परवान्यांवर ड्रॅगनचा लाल शिक्का उठायचा. 'कोयो गुनकान' नावाचा ताकेदांचा ग्रंथ आहे, तो आज आपल्याला मिळतो त्या रूपात नंतरचा आहे म्हणून त्यातलं सगळंच खरं धरता येत नाही, पण त्यात शिंगेनच्या शौचालयाचं वर्णन आहे, सहा तातामी (जमिनीवर अंथरायच्या गवती चटया) मावतील एवढी खोली, तिन्ही वेळा धूप जाळायचे, न्हाणीघरातलं पाणी नळातून सोडून घाण वाहून न्यायचे. आणि तिथे बसून तो तक्रारींचे कागद वाचायचा म्हणे. लोकांना यातलं शौचालय लक्षात राहतं, मला कागद राहतात. जिथे कुणी मागे येणार नाही अशी जागा त्याला दिवसात तेवढीच मिळत असावी.

नवसाचे कागद तर फार बोलके आहेत. मोहिमेवर निघायच्या आधी तो कौल लावायचा आणि चांगला आला तर देवाला लिहून कळवायचा की बघ, कौल असा आलाय, तर आता यश दे. पण एक नवस वेगळा आहे. त्याची थोरली मुलगी, पुढे जिला ओबाइइन म्हणतात, १५५४ मध्ये होजोंच्या घरात दिली, होजो उजिमासाला. त्या वेळी काईचे ताकेदा, सागामीचे होजो आणि सुरुगाचे इमागावा या तिघांनी एकमेकांत मुली देऊन तह केला होता, तिन्ही घरं एकमेकांचे व्याही. १५५७ मध्ये ही मुलगी गरोदर होती तेव्हा शिंगेनने फुजीच्या पायथ्याच्या सेनगेन देवीला नवस लिहिला, मुलगी सुखरूप बाळंत होऊ दे, फुनात्सुचा जकात नाका मी खुला करतो. जकात नाका म्हणजे रोख उत्पन्न हो, तेही काईसारख्या गरीब डोंगराळ प्रांतात, फुजीच्या यात्रेकरूंच्या वाटेवरचं. बापाकडे देण्यासारखं जे होतं ते त्याने देऊ केलं. हाच माणूस अकरा वर्षांनी तो तह मोडणार होता, त्यावर येतेच.

आता पाणी. मला कुणी म्हणालं की शिंगेनची एकच जागा दाखव तर मी रणांगण दाखवणार नाही, कोफुच्या पश्चिमेला र्युओला कामानाशी नदीच्या काठी घेऊन जाईन. मिदाई नावाची उपनदी डोंगरातून दगडगोटे घेऊन सुसाट येते आणि कामानाशीला भिडते, आणि दरवेळी पूर कोफुच्या सपाटीत घुसायचा. शिंगेनच्या काळात वर्षानुवर्षं यावर काम झालं असं मानतात. युक्ती अशी की नदीशी थेट झुंजायचंच नाही. मिदाईचा प्रवाह फोडून तिला अशा जागी आणायचं की ती समोरच्या उंच खडकावर जाऊन आपटेल आणि तिथेच तिचा जोर मरेल. मग खाली जे बांध घातले ते सलग भिंतीसारखे घातले नाहीत, तुकड्या-तुकड्यांचे, एकाचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यामागे असे, मध्ये फटी. पूर आला की पाणी त्या फटींतून हळूच मागे शिरतं, पसरतं, आणि पूर ओसरला की त्याच वाटेने परत नदीत. बांध फुटत नाही कारण त्याच्यावर सगळा भार येतच नाही. पात्रात लाकडी ओंडक्यांचे तिकाटणे उभे करायचे, त्यांना पायाशी दगड भरलेल्या बांबूच्या जाळ्यांचं वजन, वरून शिंगांसारखी टोकं निघालेली दिसतात म्हणून त्यांना 'सेइग्यू', पवित्र बैल म्हणतात. आजही तिथे पात्रात हे बैल उभे केलेले बघायला मिळतात आणि बांधावर मोठमोठी केयाकीची झाडं आहेत, ज्यांची मुळं माती धरतात.

पण बांध बांधला तरी राखणार कोण? १५६० चा एक हुकूम आहे, जो कुणी र्युओच्या बांधावर येऊन घर करील त्याला घरपट्टी माफ. बस्स. घरपट्टी हा ताकेदांचा मोठा कर होता आणि लोक त्याला वैतागलेले होते, त्यामुळे वस्ती झाली, आणि ज्यांची घरं बांधावर ते पहिला तडा जाताच धावणार. देवाची यात्राही त्या बांधावरून जाते, हजारो पाय माती दाबतात, इथले म्हातारे लोक सांगतात की यात्रा काढण्यामागे तेही होतं. इंजिनियर मंडळी ग्रुपमध्ये असली की इथून हलतच नाहीत, बस ड्रायव्हर घड्याळ दाखवतो तरी.

सोन्याबद्दल थोडंच सांगते. कुरोकावा आणि युनोओकुला सोन्याच्या खाणी होत्या, त्या सोन्यावर बक्षिसं, देणग्या, राजकारण चालायचं. खाण खोदणारे लोक लढाईतही उपयोगी, १५७१ मध्ये फुकाझावाच्या किल्ल्याला वेढा पडला तेव्हा त्यांनी सुरुंग खणले आणि बदल्यात १५० पोती तांदूळ मिळाला, तो कागद शिल्लक आहे.

हे सगळं वाचून शिंगेन फार भला राजा होता असं वाटायला लागलं असेल तर थांबा, कारण मी अर्धंच सांगितलंय. ज्या वर्षी कायदे काढले त्याच वर्षी, १५४७ मध्ये, त्याने शिनानोतल्या शिगा किल्ल्याला वेढा घातला. मदतीला आलेल्या फौजेचा मोड केला आणि त्यांची मुंडकी, साधारण ३,००० असं नोंदीत आहे, किल्ल्याभोवती टांगली जेणेकरून आतल्यांना दिसावं. किल्ला पडला. आतले बायका-पुरुष धरून काईत आणले आणि ज्यांचे नातेवाईक काईत होते त्यांनी दोन, तीन, पाच, दहा 'कान' (हे त्या काळचं पैशांचं माप) देऊन आपली माणसं सोडवली. एक कान म्हणजे हजार नाणी. ज्यांचं कुणीच नव्हतं त्यांचं काय झालं हे त्या भिक्षूंनी लिहिलेलं नाही. मी ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा पुढचं पान उलटायला वेळ लागला. मुलीच्या बाळंतपणासाठी नाका सोडणारा आणि लोकांच्या मुली विकू देणारा एकच माणूस, आणि हे दोन्ही लक्षात ठेवल्याशिवाय त्या काळाचं बोलूच नये असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या वर्षी त्याची सगळ्यात मोठी हार झाली. उएदाहाराला शिनानोतल्याच मुराकामी योशिकियो या सरदाराने त्याला झोडपलं, इतागाकी नोबुकाता आणि आमारी तोरायासु हे दोघे वडीलधारे सरदार एकाच दिवशी पडले, तो स्वतः जखमी. ज्यांच्या जोरावर बापाला घालवलं होतं तेच गेले. आणि तरी तो वीसेक दिवस रणांगणावरून हललाच नाही, कारण परत फिरलं की हार कबूल. शेवटी आईने निरोप धाडला तेव्हा उठला. सव्वीस वर्षांचा होता.

कावानाकाजिमाच्या लढाया सगळ्यांना माहीत असतात, केनशिन घोड्यावरून येऊन तलवार मारतो आणि शिंगेन लोखंडी पंख्याने अडवतो, तिथे पुतळाही आहे. त्या द्वंद्वाला त्या काळातला भक्कम पुरावा नाही. १५५३ ते १५६४ मध्ये पाच वेळा दोन्ही फौजा समोरासमोर आल्या आणि खरी मोठी कत्तल झाली ती १५६१ मध्येच, बाकी वेळा बहुतांश तळ ठोकून एकमेकांकडे बघत बसणं. १५६१ ला त्याचा धाकटा भाऊ नोबुशिगे मारला गेला. बापाला गादीवर हाच हवा होता असं म्हणतात, म्हणजे सगळ्या हिशोबाने हा शिंगेनचा प्रतिस्पर्धी व्हायला हवा होता. त्याने १५५८ मध्ये आपल्या मुलासाठी ९९ कलमांची शिकवण लिहिली आणि त्यातलं पहिलंच कलम, धन्याशी कधीही, पुढच्या काळातसुद्धा, फितुरी करायची नाही. माझ्या मते भावाच्या जाण्याने शिंगेनचं जे गेलं ते केनशिनचा कुठलाही किल्ला घेऊन भरून निघालं नाही.

कारण पुढचं संकट घरातच उभं राहिलं. थोरला मुलगा योशिनोबु, त्याची बायको इमागावा योशिमोतोची मुलगी. १५६० मध्ये ओदा नोबुनागा या दुसऱ्या दाइम्योने ओकेहाझामाच्या लढाईत योशिमोतोला मारलं, इमागावा खिळखिळे झाले, आणि शिंगेनची नजर सुरुगावर गेली. सुरुगा म्हणजे समुद्र, बंदरं, मीठ, काईला जे नव्हतं ते सगळं. मुलाला सासुरवाडीवर चाल करून जाणं मान्य नव्हतं. १५६५ मध्ये बापाविरुद्धचा कट उघडकीला आला, मुलाला ज्याने सांभाळून वाढवलं तो सरदार ओबु तोरामासाला जीव द्यावा लागला, योशिनोबुला कोफुच्या तोकोजी देवळात कोंडलं आणि १५६७ मध्ये तो तिथेच मेला. बापाने घालवू नये म्हणून बापाला घालवलेला माणूस आता स्वतः त्या बापाच्या जागी उभा होता.

आणि मग त्याने काय केलं तर सगळ्या सरदारांकडून शपथा लिहून घेतल्या. उएदाजवळ इकुशिमा-तारुशिमा नावाचं देऊळ आहे, तिथे यातल्या ८३ शपथा आजही आहेत. मजकूर साधारण सारखा, शिंगेनशी फितुरी करणार नाही, केनशिन किंवा दुसऱ्या शत्रूने कितीही आमिष दाखवलं तरी जाणार नाही, घरच्यांनी वाईट सल्ला दिला तर ऐकणार नाही, आणि मोडलं तर देवादिकांची नावं घेऊन शिक्षा, या जन्मी महारोग, मेल्यावर नरक. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, लोक जीव द्यायला तयार कसे व्हायचे, त्याचं उत्तर मला तरी त्या गठ्ठ्यात दिसतं. निष्ठा आपोआप असती तर ८३ कागद कशाला लागले असते? निष्ठा जमिनीने, सोन्याने, सोयरिकीने, कायद्याने विकत घ्यावी लागायची, आणि एवढं करून रात्री शंका यायचीच.

१५६८ च्या डिसेंबरात तो सुरुगात घुसला. होजो भडकले, तह मोडला. ओबाइइन, जिच्यासाठी नवस केला होता, ती १५६९ मध्ये वारली, तिशीही गाठली नव्हती.

शेवटचं थोडक्यात. १५७२ च्या शरदात तो पश्चिमेला निघाला, १५७३ च्या जानेवारीत मिकातागाहाराला तोकुगावा इएयासुला सपशेल हरवलं, तोच इएयासु जो पुढे अख्ख्या जपानचा शोगुन झाला. पण शिंगेन आजारी होता, पोटाचा की छातीचा यावर अजून वाद आहेत. फौज मागे वळली आणि शिनानोच्या वाटेवर तो गेला, वय एक्कावन्न. मरताना सांगितलं की तीन वर्षं कुणाला कळू देऊ नका. 'कोयो गुनकान' म्हणतं की त्याने आठशे कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवल्या होत्या, पत्रांना उत्तरं जात राहावीत म्हणून. जाहीर अंत्यविधी १५७६ मध्ये एरिनजीला झाला.

आणि बाप? नोबुतोरा मुलानंतरही जिवंत होता. १५७४ मध्ये तो शिनानोतल्या ताकातोपर्यंत आला, नातवाला, कात्सुयोरीला भेटला, कोफु तिथून काही दिवसांच्या वाटेवर, पण तिथेच वारला. शिंगेनचा दुसरा भाऊ नोबुकादो चित्रं काढायचा, त्याने बापाचं चित्र काढून ठेवलंय, कोफुच्या दाइसेनजी देवळाकडे ते आहे. तुळतुळीत डोकं, वटारलेले डोळे. तेहतीस वर्षांनी घराकडे परतलेला म्हातारा, आणि काढणारा त्याचाच मुलगा, ज्याने त्याला हाकललं त्याचा सख्खा भाऊ.